उजवीकडं लाव, म्हणाला होतास

दादा,

तू गेल्यानंतर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात माझं कौतुक झालं. माईकवरून झालं, आणि मी ते हात जोडून ऐकून घेतलं.

वंदना झाल्यावर एकेक जण बोलायला उठू लागले. आपल्या शाळेतले जुने गुरुजी काठी टेकत पुढे आले. तुझ्याबद्दल बोलून झालं आणि ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "शहरात गेलेला भाऊ गावातल्या भावाले इसरते. पण या मधुकरनं पाहा. भावाले वल्हं मारनं जड जाते म्हनून बॅटरीवर चालनारी होडी करून देली. असा भाऊ पाह्यजे." माणसं माना हलवत होती. तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या. त्या लावायच्या निमित्ताने मी खाली वाकलो आणि बराच वेळ तसाच राहिलो. लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाही. मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवला.

मला रडू येत नव्हतं. मला तिथून उठून जायचं होतं.

तू किती शिकलास, शेत कसं राखलंस, गावात कुणाकुणाच्या उपयोगी पडलास, ते त्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला त्या मोटरबद्दल लिहायचं आहे. धरणावर मी तुला चार माणसांदेखत बोललो होतो. तेव्हा कबुलीही चार माणसांत जायला पाहिजे.

गळ टाकायचं वेड मला तूच लावलंस. मी बारावीत नापास झालो तो उन्हाळा तुला आठवत असेल. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. गल्लीतून जायची मला लाज वाटायची. तू मला रोज नळगंगेच्या धरणावर घेऊन जायचास. कोंड्यात कणीक मळून त्याच्या गोळ्या करायच्या, गळाला लावायच्या आणि काठावर बसायचं. एक दिवस सोसायटीतला कुणीतरी तिथे आला आणि त्याने मला विचारलं, "काय बे, निकाल काय लागला तुया?" मी मान खाली घातली. तू पाण्याकडे पाहत म्हणालास, "इथं बोलू नका काका, मासे पयतात." तो माणूस निघून गेला. तू त्यावर नंतरही एक शब्द काढला नाहीस. दुसऱ्याची लाज कशी झाकायची ते तुला तेव्हाच येत होतं. तू असशील बावीस-तेवीस वर्षांचा.

मी पुढे शिकलो, बुलडाण्याला आयटीआयमध्ये लागलो, पोरांना वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंग शिकवू लागलो. तू गावातच राहिलास. गळ मात्र दोघांचाही सुटला नाही.

दोन वर्षांपूर्वी सातपुड्याकडच्या एका रिसॉर्टने आपल्या जुन्या बोटी काढायला घेतल्या, तेव्हा मी त्यातली एक कायक तुझ्यासाठी आणली. एका माणसाची, लांबट, प्लॅस्टिकची होडी. मधे पाठ टेकून बसायची जागा आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एक लांब वल्हं. रंग हिरवा. तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "हे त पोपट हाये." धरणावर जाळी टाकणारे सुपडाभाऊ थर्माकोलच्या तराफ्यावर बसणारे. ते म्हणाले, "सुखदेव, याच्यात पाय लांब करून बसनं म्हनजे सासुरवाडीले गेल्यावानी झालं." मच्छीमार संस्थेच्या ठेक्याचं पाणी, पण हौसेच्या गळाला सुपडाभाऊंनी कधी हरकत घेतली नाही. वर्षभर तू त्या कायकवर खूश होतास. फोनवर सांगायचास, आज वाम मिळाली, आज मरळ निसटली, आज काहीच नाही पण पाणी चांगलं होतं.

मग मागच्या हिवाळ्यात एकदा फोनवर म्हणालास, "नाई गेलो दोन-तीन हप्ते. वल्हं मारून हात दुखते."

हात दुखतो म्हटल्यावर माणूस विचारतो, कोणता? मी विचारलं नाही. मी म्हणालो, "मोटर लावू."

मला तेवढं निमित्तच हवं होतं. ट्रोलिंग मोटरचे व्हिडिओ मी कितीतरी दिवसांपासून पाहत होतो. छोटी मोटर असते, बॅटरीवर चालते. एक लांब दांडी, खाली पाण्यात पंखा, वर एक मूठ. मूठ फिरवली की वेग कमीजास्त होतो, मूठ वळवली की होडी वळते. आवाज जवळजवळ नाही. मासा बिचकत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुझं म्हणणं होतं की मासा बिचकतोच, फक्त आपल्याला सांगत नाही. तो वाद तसाच राहिला.

खरा प्रश्न ती बसवायची कुठे हा होता. मी आलेखाच्या कागदावर कायकचं चित्र काढलं, मापं घातली. नाकावर बसवली तर होडी ओढली जाते, सरळ जाते, पण बसल्या जागेवरून मुठीला हात पोचत नाही. शेपटाला बसवली तर दिसायला छान, पण वळवायला दोऱ्या नाहीतर सळया ओढून आणाव्या लागतात. राहिली कड. बसायच्या जागेच्या जरा मागे आडवी पट्टी टाकायची आणि तिच्या टोकाला मोटर लावायची. मी फोनवर तुला हे सगळं अर्धा तास सांगितलं. नाकावरची गोष्ट आल्यावर तू म्हणालास, "म्हनजे बैलावानी ओढन काय?" मी म्हटलं, हो. "मंग मागं बसून मी हाकू कसा?" आपण दोघंही हसलो. कडेला लावायची हे ठरलं. डाव्या की उजव्या, ते मी विचारलं नाही. माझ्या मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मी जाड फळी घेतली, लोखंडी अँगल वेल्ड केला, भोकं पाडली, रंग दिला. होळीनंतरच्या रविवारी सगळं गाडीत घालून धरणावर आलो. पाणी बरंच मागे सरकलं होतं, काठाला चिखल वाळून भेगा पडलेल्या. सुपडाभाऊ आणि त्यांचे तीन जोडीदार जाळ्यातला कचरा काढत बसले होते. तू डाव्या हातावर दुपट्टं गुंडाळून उभा होतास.

मी पट्टी कायकवर ठेवली. तू पाहिलंस आणि म्हणालास, "मध्या, हे उजवीकडं लाव."

"काऊन?"

"मले उजवी बरी पडन."

मी पाना खाली ठेवला आणि वर्गात उभा राहतो तसा उभा राहिलो. "गळाची काठी कोणत्या हातात धरतो तू?"

"उजव्या."

"मंग मोटर चालवाले कोणता हात मोकळा राह्यते?"

तू हातावरचं दुपट्टं सारखं करत राहिलास. वर्गात पोरगा असा अडकला की मला बरं वाटतं, हे मला आज लिहिताना कळतं आहे. मीच उत्तर दिलं. "डावा. म्हणून मोटर डावीकडं. आन मोटरचं वजन डावीकडं म्हणून बॅटरी उजवीकडं. तोल राह्यते. जगात सगळीकडं असंच लावतात."

"तरी बी उजवीकडं लाव."

"कारण सांग."

"कारण काई नाई. असंच."

दादा, ती पट्टी उलटी फिरवायला चार बोल्ट काढावे लागले असते. दहा मिनिटांचं काम होतं. अँगल मी दोन्हीकडून बसेल असाच केला होता. पण 'असंच' या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी रात्र रात्र बसून काढलेलं चित्र आणि तू कारणही देत नाहीस. मला राग आला की मी आपली बोली सोडून वर्गातली भाषा बोलू लागतो. तू यावरून मला चिडवायचासही. तेव्हाही मी तसंच बोललो. मी म्हणालो, "यातलं तुला काही कळत असतं, तर जन्मभर ढेकळं फोडत बसला असतास का?"

जाळ्यावरचे हात थांबले. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. मला वाटलं, सगळ्यांना माझं पटलं आहे.

तू म्हणालास, "बरं. तुया मतानं लाव."

मी मोटर डावीकडे लावली. वरून बोल्ट आवळताना तुला खालून नट धरायला सांगितलं. तुझ्या हातातून तो पडला. तू उजव्या हाताने वाळल्या चिखलाच्या भेगांत चाचपून शोधलास, पुन्हा धरलास, पुन्हा पडला. मी म्हणालो, "एवढं बी धरता येत नाई काय?" तू म्हणालास, "घाम आला हाताले." उन्हात, घाम आलेला हात, आणि त्यावर दुपट्टं. हे सगळं माझ्यासमोर होतं.

लावून झाल्यावर तू म्हणालास, "तूच चालवून पाह्य आधी." मी बसलो आणि धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन आलो. होडी सुंदर चालली. काठावर येऊन मी म्हणालो, "पाह्यलं?" तू म्हणालास, "पाह्यलं."

पुढच्या रविवारी आलो तर बॅटरी पूर्ण भरलेली होती. बॅटरीच्या डब्यावर मी एक मीटर बसवला होता, त्यात दिसायचं. मी तुला विचारलं, चालवली नाहीस का? तू म्हणालास, वेळ नाही मिळाला. मी बरंच बोललो. त्यानंतरच्या रविवारी बॅटरी अर्ध्यावर आली होती. त्यापुढचे सगळे रविवार ती अर्ध्यावर नाहीतर त्याहून खाली असायची. मी मीटर पाहायचो, खूश व्हायचो, बॅटरी तुझ्या घरी चार्जिंगला लावायचो. एकदा मी विचारलं, "मंग? डावीकडंच बराबर होती ना?" तू म्हणालास, "हाव. तुयंच बराबर होतं."

ते मी माझ्या सहकाऱ्यांना सांगितलं. भावाने शेवटी मान्य केलं म्हणून.

पावसाळा संपता संपता आपण दोघं एकदा सोबत पाण्यावर होतो. मी कायकमध्ये, तू सुपडाभाऊंच्या तराफ्यावर. तूच म्हणाला होतास, आज तू बस तुझ्या मोटरवर. गवताच्या कडेला तुझ्या गळाला मोठी मरळ लागली. तू काठी दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलीस आणि उजव्या हाताने दोरा ओढू लागलास. मी लांबून हसलो. "हे काय नवीन, दादा?" तू म्हणालास, "नवीन स्टाईल हाये." मरळ वर आली तेव्हा तुझं तोंड इतकं खुललं होतं की मीही ओरडलो. घरी वहिनींनी ती रस्सा करून वाढली आणि तू तुझ्या ताटातला डोक्याकडचा भाग माझ्या ताटात टाकलास, लहानपणी टाकायचास तसा. त्या जेवणाचे तुझे आभार मानायचे राहिले. भावाचे आभार कोण मानतो, म्हणून राहिले.

दिवाळीनंतर पंधरवड्याने सकाळी चहा पिता पिता तुझ्या हातून कप गळून पडला आणि तू कलंडलास. गाडी बुलडाण्याच्या दवाखान्यात आली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस असं वहिनी म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला वाटावं असं मात्र फार वाटतं.

आता त्या दिवसाकडे येतो, पुण्यानुमोदनाच्या. मंडप रिकामा झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. पलंगावर तुझे शर्ट घडी करून ठेवले होते. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमी नेता का? चांगले हायेत. फक्त टिचबटनं काढून घ्या."

मी एक शर्ट उचलला. वरून गुंड्या होत्या, नेहमीसारख्या. पण त्या नुसत्या टाचलेल्या होत्या. काजी शिवून बंद केलेल्या आणि आतून टिचबटणं. एका हाताने दाबली की लागतील अशी.

वहिनी बोलत होत्या. "हाताचं झालं तवापासून सगळ्या शर्टांले लावून देली होती मी. गुंड्या वरून तशाच ठेवल्या, लोकाइले दिसू नाई म्हनून. तुमाले त माहीतच हाये, त्याइले कोनी पाह्यलेलं चालत नोतं."

मी 'हूं' म्हणालो.

"मागच्या साली दिवाईच्या आधी त्या सकायी तोंड वाकडं झालं, घंटाभरात निवलं. पन डाव्या हातात जीव आलाच नाई. मोताळ्याच्या डॉक्टरनं सांगतलं, बुलडान्याले जाऊन मोठी तपासनी करा. हे म्हनत, मध्यासंगं जातो. मंग म्हनत, हरभरा निघू दे. मंग सोयाबीन. तुमी बी म्हनलंच असन त्याइले."

मी पुन्हा 'हूं' म्हणालो. दादा, मंडपात एकदा आणि तिथे पुन्हा एकदा, मी माझं नसलेलं घेतलं. वर्षभर तुझा डावा हात निकामी होता, मी दर रविवारी येत होतो, आणि मला काही माहीत नव्हतं हे मला तुझ्या बायकोसमोर सांगता आलं नाही. मी शर्टांची पिशवी घेऊन बाहेर ओट्यावर आलो. हात दुखते, तू म्हणाला होतास. कोणता, एवढा एक शब्द मी विचारला असता. धरणावर 'असंच' म्हणालास तेव्हा चिडायच्या ऐवजी तुला जरा बाजूला नेऊन विचारलं असतं. तर मला कळलं असतं, आणि त्याच आठवड्यात मी तुला बुलडाण्याला नेलं असतं. तुझ्यासाठी मी सुट्टी काढली नसती असं तुलाही वाटलं नसेल. तू मला सांगायला तयार होतास की नव्हतास, ते आता कळायचं नाही. पण दर रविवारी मी बोलत राहिलो, तेव्हा तू सांगणार कधी, हेही आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर गेलो. कायक बाभळीला बांधलेली होती, मोटर वर उचललेली. सुपडाभाऊ एकटेच जाळं शिवत बसले होते. जयभीम झाला, त्यांनी बसायला गोणपाट सरकवलं. मी विचारलं, "सुपडाभाऊ, दादाच्या हाताचं तुम्हाले माहीत होतं?"

त्यांनी सुई थांबवली नाही. "गळ टाकतानी दिसे ना. माह्या पोराइले बी माहीत होतं."

"मी मोटर लावली त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी."

म्हणजे ते चौघं गप्प राहिले होते ते म्हणून. मी विचारलं, मग तो मोटर चालवायचा कसा?

आता त्यांनी जाळं खाली ठेवलं. "एक डाव बसला होता. डाव्या हातात मूठ धरली, पन ते बोटं वयतच नाई. मंग उजवा हात मांगून आनला. होडी कलली, पानी आत. मी तराफा घेऊन गेलो, दोर टाकला. त्याच्या मांगं पुन्हा नाई बसला तो."

"पण बॅटरी तर उतरलेली राहायची."

सुपडाभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. सांगावं की नाही याचा विचार करत असावेत. मग म्हणाले, "दर शनिवारी मले म्हने, सुपडा, दोन-तीन चक्रा मारून ये मोटरीवर. उद्या मध्या येते. तो मीटर पाह्यते."

वाऱ्याने बाभळीच्या शेंगा खुळखुळत होत्या. मला उठून जावंसं वाटलं. मी म्हणालो, "तुम्ही तरी सांगायचं होतं मले. चार बोल्टांचं काम होतं."

"मी म्हनलं त्याले. म्हनलं, भावाले सांग, नाई त मी सांगतो. त्यानं शपथ घातली. म्हने, हौसीनं लावली त्यानं. अन त्याले हाताचं समजलं का मंग त्याले आठवन, तो त्या दिवशी मले काय बोल्ला. राहू दे म्हने."

एवढं बोलून त्यांनी जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांना मला लागेल असं बोलायचं नव्हतं. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

मी कायक सोडली. का सोडली ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. आत बसलो, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि तो बाहेर काढायचा नाही असं ठरवलं. उजव्या हाताने काठापासून ढकललं, मग मोटर पाण्यात सोडायला डावीकडे मागे वळलो. उजवा हात पाठीमागून नेऊन मुठीपर्यंत पोचवायला कमरेतून पूर्ण पिळावं लागलं. तोंड मागे झालं, पुढचं दिसेना. मूठ फिरवली तशी होडी स्वतःभोवती गोल फिरू लागली. सरळ करायला मूठ उलटी ढकलली तर डावी कड खाली गेली आणि गार पाणी मांडीवर आलं. गळाची काठी तर माझ्याजवळ नव्हतीच. मला दोन चांगले हात होते, एक काढला की झालं. तरी मी तो खिशातून काढला नाही. असं तीन-चार वेळा केलं. प्रत्येक वेळी पाणी थोडं जास्त आत आलं. शेवटी सुपडाभाऊ काठावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोर टाकला. मी तो उजव्या हाताने धरला. काठावर आल्यावर ते म्हणाले, "त्याचं बी असंच झालं होतं." मग त्यांनी मला पाणी काढायला डबा दिला.

ओल्या पँटनेच घरी आलो. वहिनींनी पाहिलं, काही विचारलं नाही, तुझी लुंगी काढून दिली आणि जेवायला वाढलं. मी जेवलो नाही. ताट पुढ्यात ठेवून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रविवारी धरणावर चार माणसांत काय बोललो, कोणत्या शब्दांत बोललो, तू काय म्हणालास. तुझ्या हातून नट पडला तेव्हा काय म्हणालो. बॅटरीचं सांगितलं. काल 'हूं' म्हणालो तेव्हा मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, हे मात्र तोंडातून निघेना. त्या समोर बसून ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

मग म्हणाल्या, "त्याइनं मले शपथ घातली होती, तुमाले सांगू नको म्हनून. मी नाई सांगतलं. पन तुमी ती मोटर घेऊन आले ना, तवा मले वाटलं, याइले न सांगताच समजलं. म्हनूनच आनली. भाऊ हाये, समजते. मी चुलीपाशी बसून तुमाले हात जोडले होते त्या दिवशी."

त्यांचा तो समज मला तसाच राहूही देता आला असता. कुणी तपासणार नव्हतं.

मी म्हणालो, "नाही वहिनी. मला नव्हतं समजलं. मी त्याच्याकडे पाहतच नव्हतो, मोटरकडे पाहत होतो."

त्यांनी मान हलवली. माझ्या पुढ्यातलं गार झालेलं ताट उचललं आणि आत घेऊन गेल्या.